वरचा कागद सुधारला, खालच्या प्रतींचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचं गोदरेजचं मराठी मशीन तुम्ही दुरुस्त करून घेतलंत. आजी सांगते त्या आठवणी त्यावर टाइप करताय. एक प्रत घरी ठेवायची, तीन मावशी-मामांना द्यायच्या. चूक झाली की अख्खं पान फाडावं लागतं आणि कार्बनची तिसरी प्रत वाचताच येत नाही. झेरॉक्स नको, कारण आजीला सगळ्या प्रती मशीनवरच्याच हव्यात. शिवाय आजोबांच्या जुन्या खरेदीखताची नक्कलही शेवटी जोडायची आहे.

मी ३१ वर्षं तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून टायपिंग केलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, विसार पावत्या (जमिनीच्या व्यवहारात आगाऊ दिलेल्या पैशांच्या), नोटिसा, बहुतेक सगळं चार प्रतींत. म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. एकाच कागदावर टाइप करताना चूक सुधारणं सोपं असतं. खाली तीन कार्बन असले की तीच चूक चार ठिकाणी उमटलेली असते आणि ती चारही ठिकाणी सुधारावी लागते.

हे मी पैसे भरून शिकलो. धंद्यात पाचेक वर्षं झाली होती. एका विसार पावतीत गट नंबर ३१८ ऐवजी ३७८ पडला. लगेच लक्षात आलं. अर्ध्या ब्लेडने वरचा ७ इतका सफाईने खरवडला की उजेडात धरूनही दिसेना, आणि त्या जागी १ मारला. पण खालच्या प्रतींवरचा ७ खोडायचा राहिला. त्याच्यावरच १ बसला आणि कार्बनच्या निळ्या रंगात तो ठळक ७ सारखाच दिसू लागला. वरची प्रत विकणाऱ्याकडे गेली, कार्बनची घेणाऱ्याकडे. तीन महिन्यांनी दोघं माझ्या टेबलाशी उभे, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने कागद बदलला. नवा स्टॅम्प मी माझ्या खर्चाने आणला, पावती पुन्हा केली, दोघांची माफी मागितली. तेव्हापासून कार्बनच्या प्रती सुधारल्याशिवाय मी वरच्या कागदावर दुरुस्त अक्षर मारलेलं नाही.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. चूक झाली असं बोटांना कळतं तिथेच थांबा. ओळ पूर्ण करू आणि मग बघू, असं करू नका. कागद मशीनमध्ये आहे तोवर ओळ, अक्षर, कार्बन सगळं जागच्या जागी असतं. कागद बाहेर आला की तीच दुरुस्ती चौपट मेहनतीची होते.

आधी कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, एका टोकाला सरकवा. चूक ओळीच्या डाव्या अर्ध्यात असेल तर कॅरेज डावीकडे, उजव्या अर्ध्यात असेल तर उजवीकडे. रबराचा चुरा टाइपच्या पाळण्यात, म्हणजे अक्षरांच्या दांड्या असतात त्या खोलगट जागेत, न पडता टेबलावर पडला पाहिजे. तो चुरा आत गेला की तेलात मिसळून चिकट होतो आणि पावसाळ्यात टाइप वर जाऊन तिथेच अडकतात. मग रोलर दोनतीन ओळी पुढे फिरवा, म्हणजे चुकलेली ओळ रोलरच्या माथ्यावर येईल आणि खोडायला पाठीशी आधार मिळेल. पानाच्या अगदी तळाशी असाल तर पुढे फिरवू नका, कागद सुटेल. मागे फिरवा. फिरवताना रोलरच्या खटक्यांनीच फिरवा आणि खटके मोजा, म्हणजे परत त्याच ओळीवर येता येईल.

आता एक जुनं पोस्टकार्ड अर्धं कापून घ्या. मी आयुष्यभर तेच वापरलं. जाडी नेमकी असते आणि कडा सरळ असते. वरचा कागद हलकेच पुढे ओढून पोस्टकार्ड त्याच्या लगेच मागे, पहिल्या कार्बनच्या पुढे सरकवा. ते न घालता खोडलं तर रबराचा दाब कार्बनमधून खाली जातो आणि प्रतीवर निळा डाग पडतो. वरचं अक्षर टाइपरायटरच्या कडक रबराने खोडा. घासाघास नको. छोटे, हलके, एकाच दिशेचे झटके द्या आणि मधूनमधून ब्रशने चुरा झटका. फितीची शाई कागदाच्या धाग्यांत मुरलेली असते, म्हणून कडक रबर लागतं. मग पोस्टकार्ड काढून पहिल्या कार्बन प्रतीच्या मागे घाला आणि ती प्रत शिसपेन्सिलीच्या मऊ रबराने खोडा. कार्बनची शाई वरवर बसलेली असते. तिथे कडक रबर लावलं तर कागदाचा पापुद्रा निघतो. हात चुकून कार्बनला लागला असेल तर पुढची प्रत धरण्याआधी बोटं पुसा. असं करत शेवटच्या प्रतीपर्यंत जा. प्रत्येक प्रत खोडल्यावर ती जागा नखाच्या पाठीने किंवा चमच्याच्या दांड्याने घोटा, म्हणजे उठलेले धागे बसतात आणि नवं अक्षर फुटत नाही.

पोस्टकार्ड बाहेर काढलं का, हे मारण्याआधी दोनदा बघा. ते आत राहिलं तर वरची प्रत सुंदर दिसते आणि खालच्या प्रतींत त्या जागी काहीच उमटत नाही. मग खटके मोजून ओळीवर या आणि बरोबर अक्षर हलक्या हाताने दोनतीनदा मारा. एकच जोरदार ठोका दिला तर दुरुस्ती आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा काळी दिसते आणि नजर तिथेच जाते.

ब्लेडचं म्हणाल, तर ते जाड बॉण्ड किंवा लेजर कागदावर, आणि फक्त वरच्या प्रतीसाठी. कार्बनच्या पातळ कागदाला ब्लेड लावू नका.

चुकीच्या अक्षरावरच बरोबर अक्षर ठोकायची सवय मात्र लावून घेऊ नका. वर ते जाड अक्षर दिसतं, तिसऱ्या प्रतीवर नुसता निळा ठिपका. शब्द असेल तर वाचणारा अंदाजाने पुढे जातो. आकडा असेल तर ३ चा ८ होतो आणि आजीच्या लग्नाचं साल बदलतं.

आपल्या मराठी मशीनवर काही चुकांना खोडण्याची गरजच नसते, आणि हे इंग्रजी टायपिंगवाल्यांना कळत नाही. अनुस्वार, उकार, मात्रा यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज हलत नाही. त्यामुळे अनुस्वार राहिला असेल तर त्या जागी परत जाऊन नुसतं टिंब मारलं की काम झालं, आणि ते चारही प्रतींवर एकदम उमटतं. तुमच्या मशीनवर टिंब नेमकं कुठे पडतं ते आधी रद्दी कागदावर बघून घ्या. काना आणि वेलांट्या मात्र आपली जागा घेतात. ख, ण, श, भ ही अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी दोन ठोक्यांत होतात. म्हणून शब्दाची लांबी मोजताना अक्षरं मोजू नका, जागा घेणारे ठोके मोजा.

हे मोजणं लागतं ते शब्द बदलताना. चार ठोक्यांच्या जागी पाच ठोक्यांचा शब्द बसवायचा असेल तर जुन्या पहिल्या अक्षराच्या अर्धी जागा आधी सुरुवात करा. दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी जागा मोकळी राहते आणि शब्द जरा दाटीचा दिसतो, इतकंच. उलट, चाराच्या जागी तीन ठोके बसवायचे असतील तर अर्धी जागा नंतर सुरू करा, म्हणजे दोन्हीकडे दीड दीड जागा सुटते. अर्धी जागा सरकवायची कशी? काही मशीनवर स्पेसबार दाबून धरला की कॅरेज अर्धी जागा जाते आणि सोडल्यावर उरलेली अर्धी. तुमच्या मशीनवर तसं होत नसेल तर बॅकस्पेस अर्धवट दाबून धरा किंवा डाव्या हाताने कॅरेज अर्ध्यावर रोखून धरा आणि दुसऱ्या हाताने अक्षर मारा. दोन शब्दांमध्ये मुळात जागाच सोडायची राहिली असेल तर मी दोन्ही शब्द खोडून पुन्हा बसवत नाही. मधे पेन्सिलीने बारीक उभी रेघ ओढतो.

अख्खा शब्दच राहिला असेल तर आपल्या पोथ्यांत होतं तसं हंसपद करा. शब्द जिथे हवा तिथे खाली खूण आणि वरच्या मोकळ्या जागेत अर्धी ओळ चढवून शब्द. आठवणींच्या पानावर ते वाईट दिसत नाही. आजीच बोलता बोलता थांबून एखादा शब्द मागाहून घालत असेल, तर पानावर तो तसाच दिसू द्यावा, असं माझं मत आहे.

आता चूक झाकायच्या पांढऱ्या रंगाबद्दल आणि खडूच्या पट्ट्यांबद्दल. पांढरा रंग ही टायपिस्टचीच युक्ती. डॅलसमधल्या बेट्टी नेस्मिथ ग्रॅहम या सेक्रेटरीने तो आधी स्वतःच्या कामासाठी बनवला, १९५६ च्या सुमारास विकायला सुरुवात केली आणि १९७९ मध्ये तिची कंपनी जिलेटने ४ कोटी ७५ लाख डॉलरला घेतली. तिची अडचण अशी की विजेच्या नव्या टाइपरायटरच्या फितीची शाई रबराने खोडली की फरफटायची. तुमच्या मशीनवर कापडी फीत आहे, त्यामुळे रबर चालतं. एकाच कागदावर पांढरा रंग लावायला माझी हरकत नाही. पातळ थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. ओला असताना मारलं तर टाइपच्या पोटात लगदा भरतो. चार प्रतींवर मात्र चारदा लावायचा, चारदा वाळवायचा, तोवर कार्बन आणि प्रती चिकटू नयेत म्हणून वेगळ्या धरून बसायचं. त्यापेक्षा रबर लवकर होतं. खडूची पट्टी झटपट असते, पण तिचा खडू वर्षांनी झडतो आणि जुनी चूक पुन्हा डोकावते. मी जुन्या फायलींत हे पाहिलंय. आठवणी नातवंडांपर्यंत टिकायच्या आहेत, तेव्हा पट्टी वापरू नका.

आता ती न वाचता येणारी तिसरी प्रत. तुम्ही कळ आणखी जोरात मारून पाहिलीत, असं लिहिलंय. त्याने अनुस्वाराच्या जागी भोकं पडतात, प्रत काही सुधारत नाही. माझ्या अंदाजाने दोष कागदात आहे. तुम्ही चारही कागद ८० जीएसएमचे झेरॉक्सचे लावले असणार. त्या जाडीत दोन प्रती बऱ्या येतात, तिसरी धुकट. वरचा कागद तोच ठेवा, खालचे तीन पातळ घ्या. पूर्वी आम्हाला कार्बन प्रतींसाठी खास पातळ, कडकडीत कागद मिळायचा. त्यावर मी सहा प्रती सहज काढायचो. आता स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात सर्वात पातळ कोरा कागद मागा. ५०-६० जीएसएमचा मिळाला तरी फरक लगेच दिसेल.

मग टाइप साफ करा. ब, व, ष यांच्या पोटात फितीचा कीस बसलेला असतो. वर अक्षर ठीक दिसतं, खाली गोळा उमटतो. कडक ब्रश स्पिरिटमध्ये जरासा बुडवून स्वतःच्या दिशेने ओढत साफ करा आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसा. आणि गड्डीच्या सर्वात मागे एक जाड, गुळगुळीत कागद लावा. त्याने शेवटच्या प्रतीला पाठीमागे घट्ट आधार मिळतो आणि जुन्या रोलरवरचे खड्डेही उमटत नाहीत.

गड्डी लावण्याची पद्धत सांगतो, कारण उलटा कार्बन घालणं ही चूक सगळ्यांची होते. टेबलावर आधी जाड कागद, त्यावर कोरा पातळ कागद, त्यावर कार्बन चकचकीत बाजू खाली करून, पुन्हा पातळ कागद, पुन्हा कार्बन, शेवटी सर्वात वर चांगला कागद. गड्डी उचलून वरची कड टेबलावर ठोकून सारखी करा. मशीनमध्ये मागून घालताना कार्बनची चकचकीत बाजू तुमच्याकडे असली पाहिजे. एवढं एक लक्षात ठेवलंत तर कार्बन कधी उलटा जाणार नाही. उलटा गेला तर खालची प्रत कोरी राहते आणि वरच्या कागदाच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटतात. म्हणून पहिली ओळ झाली की कोपरा उचलून बघायचा. मी शेवटपर्यंत बघत होतो.

सात-आठ कागद एकदम घालताना पुढचे आत जातात आणि मागचे रेंगाळतात. वरची कड एका दुमडलेल्या कागदाच्या घडीत धरा आणि घडीसकट रोलरमध्ये द्या. वर आल्यावर घडी काढून टाका. मग पेपर रिलीजची, म्हणजे कागदाची पकड सैल करणारी, दांडी क्षणभर उघडून पुन्हा बंद करा. या एका हालचालीने आतल्या कार्बनला पडलेली सुरकुती सुटते. ती राहिली तर प्रतीवर झाडाच्या फांद्यांसारख्या निळ्या रेघा उमटतात आणि त्या खोडता येत नाहीत.

कार्बनचा एक कोपरा तिरका कापून टाका, सगळ्यांचा एकाच बाजूचा. पान झाल्यावर त्या कोपऱ्यातून फक्त कागद चिमटीत येतात. धरून झटकलं की सगळे कार्बन एकदम खाली पडतात, हातही माखत नाहीत. दोनतीन पानांनंतर कार्बन वरचा खाली फिरवून लावा, कारण ओळी त्याच त्याच जागी पडून तिथली शाई संपते. आणि ताजा कार्बन नेहमी शेवटच्या प्रतीला, वापरलेला पहिल्या प्रतीला. बहुतेक लोक उलट करतात.

पान बाहेर काढण्याआधी मशीनमध्येच पूर्ण वाचा. आकडे उजवीकडून डावीकडे वाचा, म्हणजे डोळा अंदाजाने पुढे जात नाही. तरीही चूक बाहेर काढल्यावर सापडली, तर कार्बनसकट गड्डी पुन्हा घालू नका. ती जुन्या जागी कधीच बसत नाही. प्रत्येक कागद वेगळा घाला. पेपर रिलीज उघडून आडवा सरकवा, रोलर मोकळा करून उभा जुळवा. एखाद्या कान्याची उभी रेघ खालच्या पट्टीवरच्या खुणेशी जुळली आणि शिरोरेषा सगळीकडे पट्टीपासून सारख्या अंतरावर आली की जागा मिळाली. खात्रीसाठी फीत स्टेन्सिलच्या खुणेवर ठेवून, म्हणजे फीत न लागता, हलका ठोका द्या आणि ठसा कुठे पडतो ते बघा. शिरोरेषा जुळली नाही तर मराठीत दुरुस्ती लगेच उघडी पडते. कार्बन प्रतीवर मारताना फितीचं काळं अक्षर निळ्यात उठून दिसतं. त्यासाठी फीत स्टेन्सिलवरच ठेवा, त्या जागी कार्बनचा नखाएवढा तुकडा चकचकीत बाजू कागदाकडे करून धरा आणि त्यावर मारा. अक्षर निळंच उमटतं.

खरेदीखताची नक्कल ही वेगळी गोष्ट. वरची सगळी सफाई तिथे बाजूला ठेवा. मूळ कागदात खाडाखोड असेल तर ती सुधारून टाइप करू नका. जे आहे ते तसंच उतरवा आणि कंसात लिहा की मूळ कागदात इथे खोडलेलं आहे. आजोबांच्या दस्तात खाडाखोडीशेजारी छोट्या सह्या दिसतील. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम २० प्रमाणे, खाडाखोड किंवा मधे घातलेला मजकूर लिहून देणाऱ्यांनी सहीने मान्य केलेला नसेल तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. म्हणून दस्तात आम्ही चूक लपवत नव्हतो. आडवी रेघ मारून बाजूला बरोबर शब्द टाइप करायचा आणि सह्या घ्यायच्या. कार्बन प्रतीलाही कायद्यात वजन होतं. एका खटल्यात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्बन प्रत मूळ पुरावा मानली, कारण ती मूळ कागदाबरोबर एकाच प्रक्रियेत तयार झाली होती.

नक्कल झाली की रुजवात घ्या, म्हणजे ती मूळ कागदाशी ताडून बघा. जुन्या नकलांच्या तळाशी नक्कल करणार आणि रुजवात घेणार अशा दोन वेगळ्या सह्या असतात. टाइप करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून ती पद्धत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नक्कल बोटाने धरून तपासायची. चारही प्रती तपासा, एकच नको. आजीला वाचता येत असेल तर मूळ कागद तिलाच वाचू द्या.

शेवटी तुम्ही विचारलंत, पुढे सगळ्या चुलत-मावस भावंडांना, म्हणजे पन्नासेक प्रती काढायच्या झाल्या तर? तिथे कार्बन नाही चालत, स्टेन्सिल लागतो. मेणाचा थर असलेल्या त्या पातळ कागदावर फीत न लावता मारायचं. टाइपने मेण कापलं जातं आणि सायक्लोस्टाइल मशीनवर त्या कापांतून शाई खाली उतरते. शाळांच्या प्रश्नपत्रिका, संघटनांची पत्रकं, मराठीतली काही लघुनियतकालिकंही अशीच निघाली. स्टेन्सिलवर चूक झाली तर कापलेली जागा चमच्याच्या दांड्याने हलकेच घोटायची, स्टेन्सिल मागच्या कागदापासून पेन्सिल घालून उचलून धरायचा, करेक्शन फ्लुइडचा एकच पातळ फटकारा द्यायचा आणि वाळल्यावर तिथे बरोबर अक्षर मारायचं. उचलून धरला नाही तर फ्लुइडने स्टेन्सिल मागच्या कागदाला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. जुन्या दुकानात डबा मिळालाच, तर घेण्याआधी एक स्टेन्सिल उजेडात धरा आणि कोपरा दुमडून बघा. मेणाला तडे गेले तर तो डबा घेऊ नका.

गोदरेजने टाइपरायटर १९५५ पासून बनवले, २००९ मध्ये थांबवले. पण कोर्टाबाहेर मशीन दुरुस्त करणारे अजून काही जण बसतात आणि फितीही त्यांच्याकडेच मिळतात. रोलर फारच कडक आणि गुळगुळीत झाला असेल तर त्यांच्याकडून बदलून घ्या. पुढच्या पानाला खाली तीन पातळ कागद लावून बघा, आणि कार्बनच्या तिसऱ्या प्रतीचा एक फोटो मला दाखवा. अक्षरांची कड बघून दोष कार्बनचा की टाइपचा, ते सांगता येईल.